एका प्रकाशबिंदूची साक्ष

प्रस्तावना

रात्री अंगणात किंवा गच्चीवर उभे राहून आपण आकाशाकडे पाहतो, तेव्हा तारे आपल्याला स्थिर आणि चिरंतन वाटतात. ‘अढळपद’ हा शब्दच आपल्या परंपरेत ध्रुवताऱ्याशी जोडला गेला आहे. परंतु ताऱ्यांनाही जन्म असतो, आयुष्य असते आणि अंत असतो. अतिशय मोठ्या वस्तुमानाच्या ताऱ्याचा अंत तर एका प्रचंड स्फोटाने होतो. त्या वेळी तो एकटा तारा कोट्यवधी ताऱ्यांइतका प्रकाश देऊ लागतो. अशा ताऱ्याला ‘अतिनवतारा’ किंवा ‘सुपरनोव्हा’ असे म्हणतात.

असा स्फोट नेमका कोठे आणि कधी होईल, हे आधी सांगता येत नाही. तो झाल्यानंतर काही तासांनी किंवा काही दिवसांनी कोणाच्या तरी लक्षात येतो. म्हणून स्फोटाचा पहिला प्रकाश पाहायला मिळणे ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. सन २०१६ मध्ये एका हौशी आकाशनिरीक्षकाला ती संधी मिळाली. ती त्याने कशी ओळखली, कशी पारखली आणि जगापुढे कशी मांडली, याची हकिकत प्रस्तुत पाठात आली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

• अतिनवतारा म्हणजे काय, हे स्वतःच्या शब्दांत सांगणे;
• निरीक्षण, शंका, पडताळा आणि नोंद या पायऱ्यांमधील संबंध स्पष्ट करणे;
• माहितीपर गद्यातील मुख्य विचार शोधणे;
• ‘अति’ हा उपसर्ग लागून तयार झालेले शब्द आणि त्यांतील संधी ओळखणे.

मूळ पाठ

(१) गच्चीवरील वेधशाळा

दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना या देशात पाराना नदीच्या काठी रोसारिओ नावाचे मोठे शहर वसले आहे. या शहरात व्हिक्टर बुसो नावाचे गृहस्थ कुलपे दुरुस्त करण्याचा आणि किल्ल्या बनवण्याचा व्यवसाय करीत असत. खगोलशास्त्र हे त्यांच्या उपजीविकेचे साधन नव्हते. तो त्यांचा छंद होता. मात्र हा छंद त्यांनी वेळ घालवण्यासाठी जोपासला नव्हता. आपल्या घराच्या गच्चीवर त्यांनी घुमटाची एक छोटी वेधशाळा उभारली होती आणि तिच्यात सुमारे ४० सेंटिमीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण बसवली होती.

शहरातून आकाश पाहणे सोपे नसते. रस्त्यांवरील दिव्यांचा उजेड आकाशात पसरतो आणि मंद तारे त्यात बुडून जातात. रोसारिओतही हीच अडचण होती. परंतु साधने अपुरी आहेत, म्हणून निरीक्षण थांबवावे, असे बुसो यांना वाटले नाही. हाती असलेल्या साधनांतून जेवढे दिसेल तेवढे नीट पाहावे, हा त्यांचा परिपाठ होता.

सप्टेंबर २०१६ मध्ये त्यांनी दुर्बिणीसाठी एक नवा कॅमेरा घेतला होता. नवे यंत्र हाती आले की आधी त्याची चाचणी घ्यावी लागते. त्या रात्री त्यांना तेवढेच करायचे होते. एखादा शोध लावावा, असा हेतू त्यांच्या मनात नव्हता. चाचणीसाठी त्यांनी जवळजवळ माथ्यावर आलेली एक दीर्घिका निवडली. तिचे नाव एनजीसी ६१३.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी तारे, वायू आणि धूळ यांचा गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेला विशाल समूह. आपली आकाशगंगा ही अशीच एक दीर्घिका आहे. एनजीसी ६१३ या दीर्घिकेची नोंद विल्यम हर्शेल यांनी १७९८ मध्ये केली होती. ती आकाराने सर्पिल आहे, म्हणजे तिच्या मध्यभागातून ताऱ्यांचे बाहू वळणे घेत बाहेर पसरलेले आहेत. दक्षिण आकाशातील शिल्पकार या तारकासमूहात ती दिसते. तिचे अंतर सुमारे ८ कोटी प्रकाशवर्षे आहे. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर प्रवास करतो. या वेगाने एका वर्षात तो जेवढे अंतर तोडतो, त्याला एक प्रकाशवर्ष म्हणतात. याचा अर्थ असा, की त्या रात्री बुसो यांच्या आरशावर पडलेला प्रकाश जेव्हा तेथून निघाला, तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर वावरत होते आणि सह्याद्रीचा काळा कातळ अद्याप घडायचा होता.

एवढ्या दुरून आलेली ही दीर्घिका शहराच्या उजळलेल्या आकाशात धुरकट, फिकट डागासारखी भासते. तिच्यातील एखादा तारा वेगळा दिसणे तर या दुर्बिणीतून शक्यच नव्हते.

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडा.

(अ) त्या रात्री बुसो यांचा मूळ हेतू होता –
(क) अतिनवतारा शोधणे (ख) नव्या कॅमेऱ्याची चाचणी घेणे (ग) दीर्घिकेचे अंतर मोजणे

(आ) एनजीसी ६१३ ही दीर्घिका फिकट दिसते, कारण –
(क) तिच्यात तारे नाहीत (ख) ती फार दूर आहे व शहराचे आकाश उजळलेले असते (ग) ती फक्त दिवसा उगवते

(२) चाळीस छायाचित्रांनंतर

मंद वस्तूचे छायाचित्र घ्यायचे असेल, तर कॅमेऱ्याला बराच वेळ प्रकाश साठवावा लागतो. परंतु शहरात तसे केले, तर दीर्घिकेबरोबर आकाशाचा उजेडही साठत जातो आणि चित्र पांढुरके पडते. त्यामुळे लहान लहान अवधीची अनेक छायाचित्रे घेऊन ती नंतर एकत्र करणे सोयीचे ठरते. बुसो यांनी प्रत्येकी २० सेकंदांची छायाचित्रे घेण्यास प्रारंभ केला. जागतिक वेळेनुसार ती २० सप्टेंबर २०१६ ही तारीख होती.

सुमारे चाळीस छायाचित्रे झाली. त्यांत दीर्घिका होती, तिचे बाहू होते, आजूबाजूचे तारे होते. नवे असे काहीच नव्हते. त्यानंतर पाऊण तास मध्ये गेला. मग त्यांनी पुन्हा त्याच दीर्घिकेची छायाचित्रे घेण्यास सुरुवात केली.

या दुसऱ्या मालिकेत दीर्घिकेच्या एका बाहूच्या टोकाकडे एक बारीक प्रकाशबिंदू उमटला होता. तो इतका मंद होता, की सहज नजर फिरवणाऱ्याच्या तो लक्षातही आला नसता. बुसो यांच्या तो लक्षात आला. त्यांनी आधीची छायाचित्रे पुन्हा काढून पाहिली. त्या जागी काहीही नव्हते. पुढची छायाचित्रे पाहिली. बिंदू तेथेच होता आणि पहिल्यापेक्षा ठळक झाला होता. छायाचित्रांमागून छायाचित्रे येत गेली, तसतसे त्याचे तेज वाढत गेले.

पुढे शास्त्रज्ञांनी या छायाचित्रांचे बारकाईने मोजमाप केले. तेज वाढण्याचा वेग विलक्षण असल्याचे त्यातून दिसून आले. त्या वेगाने अर्ध्या तासात प्रकाश दुपटीहून अधिक होतो. हजारो-लाखो वर्षे जवळजवळ एकाच तेजाने तळपणाऱ्या ताऱ्यांच्या जगात हा बदल डोळ्यांदेखत घडत होता.

(३) शंका आणि पडताळा

असे काही दिसले की मन आनंदाने भरून येणे स्वाभाविक आहे. पण खरा निरीक्षक आनंदाच्या आधी शंका घेतो. ‘मला जे दिसते आहे, ते मला वाटते तेच आहे का?’ हा प्रश्न तो प्रथम स्वतःला विचारतो.

छायाचित्रात नवा बिंदू दिसण्याची कारणे अनेक असू शकतात. कॅमेऱ्याच्या संवेदकातील एखादा दोष चित्रात ठिपक्यासारखा उमटतो. अवकाशातून येणारा वैश्विक किरण संवेदकावर आदळला, तरी तसाच ठिपका दिसतो. मात्र तो एकाच छायाचित्रात असतो, पुढच्या छायाचित्रात नसतो. आपल्या सूर्यमालेतील एखादा लघुग्रह नेमका दीर्घिकेच्या समोरून जात असेल, तर तोही नव्या ताऱ्यासारखा भासतो. पण लघुग्रह जागा बदलत राहतो. कधीकधी आपल्याच आकाशगंगेतील एखादा तारा अकस्मात उजळतो आणि तो दूरच्या दीर्घिकेत आहे, असा आभास निर्माण होतो. शेवटी, तो बिंदू मुळात नवा नसण्याचीही शक्यता असते. म्हणून त्याच दीर्घिकेच्या जुन्या छायाचित्रांशी तुलना करावी लागते.

या सर्व कसोट्यांना तो प्रकाशबिंदू उतरत होता. तो एका नव्हे, अनेक छायाचित्रांत होता. तो जागचा हलत नव्हता. जुन्या छायाचित्रांत त्या ठिकाणी तेवढे तेजस्वी काही नव्हते. आणि तो सतत उजळत होता.

आता वेळ महत्त्वाची होती. अशा घटनेत पहिले काही तास गेले, तर ते पुन्हा मिळत नाहीत. जगातील मोठ्या दुर्बिणी ताबडतोब त्या दिशेला वळायला हव्या होत्या. परंतु रात्रीच्या त्या प्रहरी घराच्या गच्चीवर उभ्या असलेल्या एका हौशी निरीक्षकाने ही वार्ता कोणाला सांगायची? आणि त्याच्या शब्दावर विश्वास कोणी ठेवायचा? व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांशी तत्काळ संपर्क होणे सोपे नव्हते. अखेर आपल्याच देशातील दुसऱ्या एका अनुभवी हौशी निरीक्षकाशी बुसो यांचा संपर्क झाला आणि त्याच्या साहाय्याने आंतरराष्ट्रीय पातळीवर सूचना पाठवली गेली.

बुसो यांच्याकडे पदवीचा किंवा पदाचा आधार नव्हता. त्यांच्याजवळ होती ती वेळ नोंदवलेली छायाचित्रांची मालिका. तिच्याबद्दल शंकेला वाव नव्हता. कोणीही ती तपासून पाहावी आणि स्वतः निर्णय घ्यावा.

पाठगत प्रश्न २

एका वाक्यात उत्तरे लिहा.

(अ) वैश्विक किरणामुळे उमटलेला ठिपका कसा ओळखता येतो?
(आ) नवा बिंदू लघुग्रह नाही, हे कशावरून ठरवता येते?
(इ) बुसो यांच्या म्हणण्याला कशाचा आधार होता?

(४) ताऱ्याच्या अंताचा पहिला प्रकाश

त्या प्रकाशबिंदूला ‘एसएन २०१६जीकेजी’ असे नाव देण्यात आले. ‘एसएन’ ही अक्षरे सुपरनोव्हा दर्शवतात, ‘२०१६’ हे वर्ष दर्शवते आणि पुढील तीन अक्षरे हा त्या वर्षातील नोंदीचा क्रम असतो. रोमन वर्णमालेतील अक्षरे ओळीने वापरून हा क्रम दिला जातो. त्या हिशेबाने पाहता, वर्षाच्या प्रारंभापासून तोवर अशा सुमारे पाच हजार संशयित प्रकाशबिंदूंची नोंद झालेली होती. मग या एका बिंदूचे महत्त्व कशात होते?

ते समजण्यासाठी ताऱ्याच्या अंतरंगात डोकवावे लागेल. तारा म्हणजे तप्त वायूंचा प्रचंड गोळा. त्याचे स्वतःचे गुरुत्वाकर्षण त्याला आत दाबत असते, तर गाभ्यात चाललेल्या अणुप्रक्रियांतून निर्माण होणारी ऊर्जा त्याला सावरून धरते. मोठ्या ताऱ्याच्या गाभ्यातील इंधन संपले की हा तोल ढळतो. गाभा एका सेकंदाच्याही आत कोसळतो आणि त्यातून निर्माण झालेली प्रचंड आघातलाट बाहेरच्या दिशेने निघते. ताऱ्याच्या आकारानुसार या लाटेला पृष्ठभागापर्यंत पोहोचायला काही तासांपासून सुमारे एक दिवसापर्यंत वेळ लागतो. तोपर्यंत बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. आत सर्वनाश झालेला असतो, तरी तारा शांतपणे तळपताना दिसतो. लाट पृष्ठभाग फोडून बाहेर येते, त्या क्षणी एकाएकी प्रकाश उसळतो. हा पहिला उसळता प्रकाश अत्यंत अल्पकाळ टिकतो.

बुसो यांच्या छायाचित्रांत हाच प्रकाश टिपला गेला होता. ला प्लाटा येथील खगोलभौतिकी संस्थेतील शास्त्रज्ञ मेलिना बर्स्टेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या छायाचित्रांचा अभ्यास केला. ठरावीक दीर्घिकेकडे नेमक्या त्याच वेळी दुर्बीण वळलेली असणे आणि असा क्षण हाती लागणे, याची शक्यता एक कोटीत एक किंवा त्याहूनही कमी असल्याचा अंदाज करण्यात आला.

यानंतरचे काम अनेकांनी मिळून केले. अवकाशातील स्विफ्ट या उपग्रहाने त्या दिशेला नजर वळवली. अमेरिकेतील लिक आणि केक या वेधशाळांतील मोठ्या दुर्बिणींनी सुमारे दोन महिने त्याचे वर्णपट घेतले. वर्णपट म्हणजे प्रकाशाचे रंगांनुसार केलेले पृथक्करण. त्यावरून त्या वस्तूत कोणती मूलद्रव्ये आहेत, हे समजते. प्रारंभी वर्णपटात हायड्रोजनच्या खुणा होत्या. पुढे त्या पुसट झाल्या आणि हेलियमच्या खुणा प्रबळ झाल्या. याचा अर्थ, स्फोटापूर्वीच ताऱ्याने आपले हायड्रोजनचे बाह्य आवरण बहुतांशी गमावलेले होते. शास्त्रज्ञांच्या अनुमानानुसार या ताऱ्याचे मूळ वस्तुमान सूर्याच्या सुमारे २० पट होते. त्यातील बरेचसे वस्तुमान बहुधा शेजारच्या सहचर ताऱ्याने ओढून घेतले आणि स्फोटाच्या वेळी ते सूर्याच्या सुमारे ५ पट एवढेच उरले होते. हे संशोधन फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाले. त्याच्या लेखकांमध्ये व्हिक्टर बुसो यांचेही नाव होते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या संशोधनात बिंदू दिसलेल्या छायाचित्रांइतकेच महत्त्व त्याआधीच्या चाळीसेक ‘रिकाम्या’ छायाचित्रांना होते. केवळ नंतरची छायाचित्रे उपलब्ध असती, तर ‘तारा उजळत आहे’ एवढेच म्हणता आले असते. ‘पाऊण तासापूर्वी तो येथे दिसत नव्हता’ हे ठामपणे सांगता आले, ते आधीच्या छायाचित्रांमुळे. त्यांत काही विशेष नाही, म्हणून बुसो यांनी ती पुसून टाकली असती, तर स्फोटाच्या प्रकाशाची वेळ इतकी नेमकी ठरवता आली नसती. काही दिसले नाही, हीसुद्धा नोंद असते. आणि कधीकधी तीच सर्वांत मोलाची ठरते.

(५) नोंद नसेल तर?

नोंदीचे हे मोल इतिहासानेही दाखवून दिले आहे. सन १०५४ च्या जुलै महिन्यात वृषभ राशीत एक नवा तारा प्रकटला. चिनी राजदरबारातील निरीक्षकांनी त्याला ‘पाहुणा तारा’ म्हटले आणि त्याचा वृत्तांत लिहून ठेवला. तो तारा २३ दिवस भरदिवसाही दिसत होता आणि रात्री सुमारे दोन वर्षे दिसत राहिला, असे त्यांच्या नोंदींवरून समजते. त्या स्फोटातून उधळलेला वायू आजही दुर्बिणीतून दिसतो. त्याला ‘क्रॅब नेब्युला’ म्हणजे खेकडा तेजोमेघ असे म्हणतात. जवळजवळ हजार वर्षांपूर्वीच्या त्या नोंदींमुळेच या तेजोमेघाचे वय आज निश्चितपणे सांगता येते.

हा तारा भारतातूनही दिसला असणार. मग त्याचा उल्लेख आपल्या ग्रंथांत सापडतो का? ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या विदुषी सरोजा भाटे यांनी या प्रश्नाचा शोध घेण्यासाठी प्राचीन भारतीय साहित्याची पाहणी केली. तिचा वृत्तांत २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. निर्विवाद म्हणता येईल, असा उल्लेख त्यांच्या हाती लागला नाही. आपल्या पूर्वजांनी तो तारा पाहिला नाही, असे यावरून म्हणता येत नाही. पाहिला असेल, त्यावर चर्चाही झाली असेल. पण लिहिले गेले नाही किंवा लिहिलेले टिकले नाही. पाहणाऱ्याबरोबर ते पाहणेही काळाच्या ओघात हरवून गेले. एकीकडे ‘काही दिसले नाही’ असे सांगणारी चाळीस छायाचित्रे विज्ञानाला उपयोगी पडतात आणि दुसरीकडे दिवसाढवळ्या तळपणारा तारा नोंदीअभावी आपल्यापुरता अदृश्य होतो.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. आपल्या आकाशगंगेत अतिनवतारा नुसत्या डोळ्यांनी निर्विवादपणे पाहिला गेला, त्याला आता चारशेहून अधिक वर्षे झाली. ते वर्ष होते १६०४. म्हणून शास्त्रज्ञ दूरच्या असंख्य दीर्घिकांवर लक्ष ठेवतात. एका दीर्घिकेत शतकात सरासरी एखाददुसराच असा स्फोट होतो. पण हजारो दीर्घिका पाहिल्या, तर दर वर्षी अनेक स्फोट आढळतात. लडाखमधील हानले येथे समुद्रसपाटीपासून सुमारे ४५०० मीटर उंचीवर असलेली दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीणही अतिनवताऱ्यांचे वेध घेते. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर या थोर शास्त्रज्ञाचे नाव तिला दिलेले आहे. बंगळूरजवळील होसकोटे येथे बसून शास्त्रज्ञ ती उपग्रहामार्फत चालवतात.

स्वयंचलित दुर्बिणींच्या या युगातही हौशी निरीक्षकांचे स्थान टिकून आहे. आपल्याकडेही ही परंपरा जुनी आहे. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आकाशप्रेमींना एकत्र आणत आली आहे. मोठ्या दुर्बिणींचा वेळ मोजका असतो आणि तो अनेकांत वाटला जातो. हौशी निरीक्षकाची दुर्बीण लहान असली, तरी वेळ त्याचा स्वतःचा असतो. एकाच दीर्घिकेकडे तासन् तास पाहत राहण्याची मुभा त्याला असते.

बुसो यांना जे लाभले, त्यात दैवाचा वाटा होताच. पण दैवाने त्यांना फक्त एक अंधूक ठिपका दिला. तो ओळखणारी नजर, त्याच्यावर शंका घेणारी बुद्धी आणि त्याची नोंद जपणारी शिस्त ही त्यांची स्वतःची होती. आठ कोटी वर्षे प्रवास करून आलेला तो प्रकाश त्या रात्री पृथ्वीच्या अर्ध्या भागावर सांडत होता. तो असंख्य छपरांवर पडला. त्यांतल्या एका गच्चीवर घुमट उघडा होता आणि कोणीतरी जागे होते.

पाठगत प्रश्न ३

चूक की बरोबर ते लिहा.

(अ) गाभा कोसळताक्षणी तारा बाहेरून उजळलेला दिसतो.
(आ) बिंदू न दिसलेली छायाचित्रे संशोधनाला उपयोगी पडली.
(इ) १०५४ मधील ताऱ्याचा निर्विवाद उल्लेख प्राचीन भारतीय साहित्यात सापडला.

शब्दार्थ

चिरंतन – कायम टिकणारे
वस्तुमान – पदार्थात सामावलेले द्रव्य
दीर्घिका – ताऱ्यांचा विशाल समूह
सर्पिल – सापाच्या वेटोळ्याप्रमाणे वळणे असलेला
परिपाठ – नेहमीची रीत
संवेदक – प्रकाश टिपणारा यंत्राचा भाग
पडताळा – खरेखोटे तपासून पाहणे
आघातलाट – स्फोटाच्या धक्क्याने निर्माण होणारी लाट
पृथक्करण – घटक वेगवेगळे करणे
निर्विवाद – ज्याबद्दल वाद नाही असे

आशय समजून घेऊ या

या पाठात दोन गोष्टी समांतर चालतात. पहिली आहे ताऱ्याच्या अंताची, तर दुसरी आहे माणसाच्या निरीक्षणाची. पहिली घटना अतिभव्य आहे. दुसरी एका साध्या घराच्या गच्चीवर घडते. तारा फुटला, तो कोणी पाहिला नसता तरी फुटणारच होता. मात्र त्याचे ज्ञान व्हायला साक्षीदार लागतो. साक्षीदाराचे शब्द खरे मानले जायचे असतील, तर त्याने स्वतःवर आधी शंका घेतलेली असली पाहिजे आणि वेळेसह नोंद ठेवलेली असली पाहिजे. न्यायालयातील साक्षीला जे नियम लागू होतात, तेच विज्ञानातील निरीक्षणालाही लागू होतात. पाठाच्या शीर्षकातील ‘साक्ष’ हा शब्द या अर्थाने आला आहे.

चौथ्या आणि पाचव्या भागांतील विरोध पुन्हा एकदा वाचा. ‘न दिसल्याची नोंद’ आणि ‘दिसूनही नोंद नाही’ या दोन स्थिती शेजारी ठेवल्यामुळे नोंदीचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

भाषाविचार

(१) ‘अतिनवतारा’ या शब्दात ‘अति’ हा उपसर्ग आहे. ‘फार’, ‘अधिक’ किंवा ‘पलीकडे’ असा अर्थ तो देतो. उदा. अतिवृष्टी, अतिक्रमण, अतिपरिचय.

‘अति’ या उपसर्गापुढे ‘इ’ किंवा ‘ई’ सोडून दुसरा स्वर आला, तर ‘इ’च्या जागी ‘य्’ होतो. उदा. अति + अंत = अत्यंत; अति + आचार = अत्याचार; अति + उत्तम = अत्युत्तम.

(२) पुढील वाक्प्रचारांचे अर्थ लक्षात घ्या.

कसोटीला उतरणे – परीक्षेत खरे ठरणे
शंकेला वाव नसणे – संशयाला जागा न राहणे
हाती लागणे – मिळणे, सापडणे
तोल ढळणे – संतुलन जाणे

(३) ‘लाट पृष्ठभाग फोडून बाहेर येते, त्या क्षणी एकाएकी प्रकाश उसळतो.’ या वाक्यात दोन क्रिया एकाच वेळी घडतात. ‘जेव्हा – तेव्हा’ वापरूनही ते लिहिता येईल : ‘जेव्हा लाट पृष्ठभाग फोडून बाहेर येते, तेव्हा एकाएकी प्रकाश उसळतो.’ असे वाक्य मिश्र वाक्य होय.

तुम्ही काय शिकलात?

• मोठ्या वस्तुमानाच्या ताऱ्याचा गाभा कोसळून होणाऱ्या स्फोटातून अतिनवतारा दिसू लागतो.
• नवे काही दिसले की आधी इतर शक्यता तपासाव्या लागतात.
• काही न दिसल्याची नोंदही ज्ञानाला उपयोगी पडते.
• हौशी निरीक्षक आणि व्यावसायिक शास्त्रज्ञ यांच्या कामाची सांगड घातली, तर मोठे संशोधन घडू शकते.

स्वाध्याय

१. दीर्घिकेच्या छायाचित्रात नवा बिंदू दिसण्याची कोणती कारणे पाठात सांगितली आहेत? प्रत्येकाचा पडताळा कसा घेता येईल, ते लिहा.

२. ‘काही दिसले नाही, हीसुद्धा नोंद असते’ या विधानाचे पाठाच्या आधारे स्पष्टीकरण करा.

३. १०५४ मधील ताऱ्याबाबत चिनी निरीक्षकांची नोंद आणि भारतीय साहित्याची पाहणी यांची तुलना करा.

४. ‘दैवाने त्यांना फक्त एक अंधूक ठिपका दिला.’ या वाक्यातून लेखनाचा कोणता विचार व्यक्त होतो?

५. संधी सोडवा : अत्यंत, अत्याचार, अत्युत्तम.

६. ‘कसोटीला उतरणे’ आणि ‘हाती लागणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.

७. उपक्रम : सलग पंधरा दिवस रोज ठरावीक वेळी आकाशाचा एकच भाग पाहा. तारीख, वेळ, ढगांची स्थिती आणि जे दिसले ते वहीत लिहा. ज्या दिवशी काही दिसले नाही, त्या दिवसाची ओळ कोरी ठेवू नका.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) – ख. (आ) – ख.

२. (अ) तो ठिपका एकाच छायाचित्रात दिसतो, पुढच्या छायाचित्रात नसतो. (आ) लघुग्रह जागा बदलतो. नवा बिंदू मात्र जागचा हलत नव्हता. (इ) वेळ नोंदवलेल्या छायाचित्रांच्या मालिकेचा आधार होता.

३. (अ) चूक, (आ) बरोबर, (इ) चूक.